विद्युत व्यवसायातील स्त्रिया

विद्युत व्यवसायातील स्त्रिया या विषयात वीजनिर्मिती, पारेषण, वितरण, इमारतींमधील वीजजोडणी, तसेच विद्युत उपकरणांची निर्मिती व दुरुस्ती या क्षेत्रांत तांत्रिक काम करणाऱ्या स्त्रियांचा विचार केला जातो. यांत अभियंत्या, वीजतंत्री, तारतंत्री, उपकेंद्र चालविणाऱ्या कर्मचारी, वाहिन्यांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञ आणि स्वतंत्र ठेकेदार अशा सर्वांचा समावेश होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्त्रिया या क्षेत्रात आहेत. तथापि त्यांचा प्रवेश सर्व पातळ्यांवर एकाच वेळी झालेला नाही. कारखान्यातील बारीक हातकाम त्यांना सर्वांत आधी मिळाले, त्यानंतर अभियंत्याचे पद आले, आणि खांबावर चढून किंवा वीजकेंद्रात रात्रपाळी करून करावयाचे कुशल श्रमाचे काम सर्वांत शेवटी आले. अनेक देशांत या शेवटच्या टप्प्यासाठी स्त्रियांना न्यायालयात जावे लागले.

संज्ञा

इंग्रजीतून आलेले 'वायरमन' व 'लाइनमन' हे शब्द मराठीत सर्रास वापरले जातात व त्यांतील पुरुषवाचक अंश बोलताना सहसा जाणवतही नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या (आयटीआय) अभ्यासक्रमांना मात्र मराठीत 'वीजतंत्री' (इलेक्ट्रिशियन) व 'तारतंत्री' (वायरमन) अशी नावे आहेत. ही नावे स्त्री व पुरुष दोघांनाही सारखीच लागू पडतात. महावितरण कंपनीत वाहिनीवरील कर्मचाऱ्यास 'जनमित्र' म्हणतात. त्यामुळे स्त्री कर्मचाऱ्यासाठी 'महिला जनमित्र' असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. परवान्यांच्या बोलीभाषेत अजूनही 'वायरमन परवाना' हेच नाव चालते, मग तो परवाना कोणाच्याही नावे असो.

कारखान्यातील काम

विजेचे दिवे, दूरध्वनी संच, मीटर व मोटारी यांच्या कारखान्यांत स्त्रियांना सुरुवातीपासून मोठ्या संख्येने कामावर घेतले गेले. दिव्यातील तंतू बसविणे, आर्मेचरची गुंडाळी करणे, बारीक तारा जोडणे ही कामे 'स्त्रियांच्या नाजूक बोटांना साजेशी' मानली गेली व त्यांची मजुरीही त्यानुसार कमी ठेवण्यात आली. वस्तुतः मोटारीची गुंडाळी हे कौशल्याचे काम आहे. वेढ्यांची संख्या, तारेची जाडी व खाचांमधील विद्युतरोधक कागद यांपैकी एकही चुकल्यास मोटार जळते. परंतु ते बाकावर बसून करावयाचे काम असल्यामुळे त्यास 'कसबी' दर्जा क्वचितच मिळाला.

दूरध्वनी केंद्रातील जोडणी करणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून थोडी वेगळी होती. अमेरिकेतील विद्युत कामगारांच्या 'इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स' (स्थापना १८९१) या संघटनेत त्यांना प्रवेश मिळाला. पण बहुमताच्या जोरावर त्या संघटना ताब्यात घेतील, या धास्तीने त्यांचा स्वतंत्र विभाग करण्यात आला. एप्रिल १९१९ मध्ये ज्युलिया ओ'कॉनर यांच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंड प्रांतातील हजारो दूरध्वनी कर्मचारी स्त्रियांनी संप केला व सहा दिवसांत तो यशस्वी केला. ज्या संघटनेच्या नावातच 'बंधुत्व' होते, तिच्या इतिहासातील हा एक ठळक लढा होय.

पहिल्या अभियंत्या

ब्रिटिश संशोधक हर्था एर्टन (१८५४–१९२३) यांनी विद्युत कमानीवर, म्हणजे दोन कार्बनकांड्यांमध्ये पेटणाऱ्या प्रखर ज्योतीवर, मूलभूत काम केले. त्या काळी रस्त्यांवरील दिव्यांसाठी ही कमान वापरत असत व ती जळताना फुसफुसत आणि लुकलुकत असे. या आवाजाचे कारण कार्बनशी ऑक्सिजनचा येणारा संबंध हे आहे, असे एर्टन यांनी दाखवून दिले. १८९९ मध्ये लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेसमोर त्यांनी स्वतः निबंध वाचला व त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. रॉयल सोसायटीने मात्र १९०२ मध्ये, त्या विवाहित स्त्री असल्याच्या कारणावरून, त्यांचे सदस्यत्व नाकारले. याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिले.

अमेरिकेत एडिथ क्लार्क (१८८३–१९५९) यांनी १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली. तेथून ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पदवी हाती असूनही त्यांना अभियंता म्हणून नोकरी मिळाली नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गणिती आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांवर देखरेख करण्याचे काम त्यांनी पत्करले. लांब पल्ल्याच्या पारेषण वाहिन्यांची किचकट समीकरणे झटपट सोडविता यावीत म्हणून त्यांनी तयार केलेल्या आलेखी गणकयंत्रास १९२५ मध्ये एकस्व मिळाले. १९२२ मध्ये त्यांना त्याच कंपनीत अभियंत्याचे पद मिळाले होते. १९४७ मध्ये टेक्सास विद्यापीठात त्या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापक झाल्या.

ब्रिटनमधील संघटना

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील स्त्रिया यंत्रशाळांत व वीजकेंद्रांत काम करू लागल्या. युद्ध संपताच १९१९ च्या एका कायद्याने युद्धपूर्व रोजगारपद्धती पुन्हा लागू करण्यात आली व यांतील बहुसंख्य स्त्रियांना घरी पाठविण्यात आले. याला प्रत्युत्तर म्हणून २३ जून १९१९ रोजी 'विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी' स्थापन झाली. तिच्या पहिल्या सचिव कॅरोलिन हॅस्लेट (१८९५–१९५७) यांनी पुढे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या 'इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन' या संस्थेचे संचालकपद सांभाळले. घरोघरी वीज पोहोचल्यास स्त्रियांचे कष्ट कमी होतील, पण त्यासाठी वीज कशी चालते हे स्त्रियांनाच समजले पाहिजे, अशी या संस्थेची भूमिका होती. फ्यूज बदलणे, मीटर वाचणे, तारा तपासणे यांचे शिक्षण तिने दिले. ही संस्था १९८६ पर्यंत चालू होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरगुती वीजजोडणीची नवी मानके ठरविण्यासाठी नेमलेल्या वीस जणांच्या समितीत हॅस्लेट या एकट्या स्त्री होत्या. लहान मुलांनी सॉकेटच्या छिद्रांत काही खुपसले तरी त्यांना धक्का बसू नये, यासाठी आतून बंद राहणाऱ्या झडपांचा आग्रह या समितीने धरला. १९४७ मध्ये प्रमाणित झालेला चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग व त्याचे सॉकेट या चर्चेतून आकारास आले. भारतात मात्र त्याआधीची गोल पिनांची ब्रिटिश पद्धतच रूढ राहिली.

याच वर्तुळातील मार्गारेट पार्ट्रिज (१८९१–१९६७) यांचा उल्लेख अशा लेखांत अनेकदा राहून जातो. परंतु 'व्यवसाय' या शब्दाच्या खऱ्या अर्थाने त्यांचे काम सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. लंडनच्या बेडफर्ड महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनी युद्धकाळात अभियांत्रिकीचे काम शिकून घेतले व पुढे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात स्वतःची ठेकेदारी सुरू केली. जेथे मोठ्या कंपन्या जाण्यास तयार नव्हत्या, अशा लहान गावांना व वाड्यांना त्या वीज पुरवीत. छोटे जनित्र बसवायचे, गावात तारा ओढायच्या, घरांत जोडण्या करायच्या आणि व्यवस्था मार्गी लागली की पुढच्या गावाकडे वळायचे, अशी त्यांची रीत होती. कामासाठी त्या शक्यतो मुलींनाच शिकाऊ म्हणून घेत. बॅम्प्टन येथील त्यांच्या वीजकेंद्रात शिकून तयार झालेल्या बीट्रिस शिलिंग (१९०९–१९९०) यांनी पुढे मँचेस्टर विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांचे इंजिन सूर मारताना बंद पडत असे; त्यावर उपाय म्हणून इंधनाचा प्रवाह मर्यादित करणारी एक छोटी चकती त्यांनी तयार केली, हे त्यांचे विशेष ज्ञात काम होय.

रात्रपाळीचा प्रश्न

बॅम्प्टनच्या केंद्रातूनच एक कायदेशीर पेच पुढे आला. लहान वीजकेंद्राला संध्याकाळी व रात्री सर्वाधिक मागणी असते, कारण तेव्हाच दिवे लागतात. साहजिकच केंद्र सांभाळणाऱ्या शिकाऊ मुलीला रात्री कामावर राहावे लागे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत संमत झालेल्या करारानुसार (करार क्रमांक ४) कोणत्याही वयाच्या स्त्रीला औद्योगिक आस्थापनेत रात्री काम देण्यास बंदी होती. 'रात्र' म्हणजे सलग किमान अकरा तास, ज्यात रात्री दहा ते पहाटे पाच हा काळ आलाच पाहिजे, अशी व्याख्या करण्यात आली होती. अपवाद केवळ एकाच कुटुंबातील माणसे काम करीत असलेल्या आस्थापनांचा होता. ब्रिटनने १९२० मध्ये हा करार आपल्या कायद्यात आणला, त्यामुळे पार्ट्रिज यांच्या केंद्रातील रात्रपाळी बेकायदेशीर ठरत होती.

हा करार वाईट हेतूने झालेला नव्हता. कापड गिरण्यांत स्त्रियांना रात्रभर राबविले जाई व दिवसा घरकाम त्यांच्या वाट्याला येई. त्यांना विश्रांती मिळावी, हा त्यामागील उद्देश होता. कामगार संघटनांमधील अनेक स्त्रियांचाही त्यास पाठिंबा होता. परंतु गिरणीतील मजूर स्त्रीला डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम वीजकेंद्रातील तंत्रज्ञ स्त्रीला लागू केल्यावर त्याचा परिणाम उलटा होतो. वीजपुरवठा चोवीस तास चालतो. जी व्यक्ती पाळीत रात्री येऊ शकत नाही, तिला मालक दिवसाच्या पाळीतही घेत नाही, कारण पाळ्यांचे चक्र तिच्यामुळे अडते. म्हणजे रात्रीची बंदी व्यवहारात पूर्ण बंदी ठरते. विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीने हा मुद्दा सातत्याने मांडला.

देखरेखीचे व व्यवस्थापनाचे काम करणाऱ्या, सहसा हातकाम न करणाऱ्या स्त्रियांना हा करार लागू होतो काय, हा प्रश्न अखेर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाकडे गेला. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी होकारार्थी कौल दिला. कराराचे शब्द सर्व स्त्रियांना उद्देशून आहेत, तेव्हा त्यातून कोणाला वगळता येणार नाही, असा बहुमताचा आशय होता. त्यानंतर १९३४ मध्ये सुधारित करार (क्रमांक ४१) करण्यात आला व व्यवस्थापनाच्या जबाबदार पदांवरील, सहसा हातकाम न करणाऱ्या स्त्रियांना बंदीतून मोकळे करण्यात आले.

या सुधारणेचा फायदा अभियंत्यांना झाला. तारा ओढणारी, जनित्र चालविणारी, स्वतःच्या हातांनी काम करणारी स्त्री मात्र बंदीतच राहिली. पुढे अनेक दशके टिकलेली एक रेषा येथे आखली गेली असे म्हणता येईल: आरेखनाच्या टेबलाशी स्त्री चालते, पान्याशी नाही. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या कामाच्या तासांवरील ही बंधने १९८६ च्या कायद्याने उठली. १९९१ मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रान्समधील स्त्रियांची सरसकट रात्रबंदी समान वागणुकीच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९० मध्ये रात्रपाळीसंबंधी स्त्री-पुरुष असा भेद न करणारा नवा करार (क्रमांक १७१) केला. क्रमांक ४ व ४१ हे दोन्ही जुने करार २०१७ मध्ये औपचारिकरीत्या रद्द झाले.

सिएटलमधील प्रशिक्षण कार्यक्रम

खांबावरील कामात स्त्रियांचा प्रवेश कसा झाला, याचे एक उत्तम नोंदले गेलेले उदाहरण अमेरिकेतील सिएटल शहराचे आहे. तेथील 'सिएटल सिटी लाइट' ही नगरपालिकेच्या मालकीची वीजसंस्था होय. १९७३ मध्ये संस्थेने कामगार चळवळीतील कार्यकर्त्या क्लारा फ्रेझर यांना प्रशिक्षण समन्वयक म्हणून नेमले व स्त्रियांना विद्युत कामासाठी तयार करण्याचा कार्यक्रम त्यांनी आखला. जून १९७४ मध्ये दहा स्त्रिया त्यात रुजू झाल्या.

दरम्यान एप्रिल १९७४ मध्ये संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी व्यवस्थापनाविरुद्ध अकरा दिवस काम बंद ठेवले होते व फ्रेझर त्यात आघाडीवर होत्या. परिणामी कार्यक्रम सुरू होतानाच त्यांना त्यापासून दूर करण्यात आले व ठरलेल्या प्रशिक्षणात काटछाट झाली. वर्गातील पूर्वतयारी नीट न होताच स्त्रियांना प्रत्यक्ष कामावर धाडण्यात आले. काही पुरुष सहकाऱ्यांनी त्यांना मनापासून शिकविले, तर काहींनी त्यांच्याशी बोलणेही टाळले. वाहिनीवरील कामात हे टाळणे केवळ मानहानीपुरते राहत नाही, कारण खांबावर चढलेल्या माणसाचा जीव खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या लक्षावर अवलंबून असतो.

या स्त्रियांनी भेदभावाची तक्रार दाखल केली. १९७५ मध्ये त्यांपैकी बहुतेकींना कामावरून कमी करण्यात आले. फ्रेझर यांचीही नोकरी त्याच वर्षी गेली. १९७६ मध्ये सुनावणीचा निकाल प्रशिक्षणार्थी स्त्रियांच्या बाजूने लागला व त्यांना थकीत वेतनासह परत घेण्याचा आदेश झाला. परतलेल्यांपैकी काही जणी रीतसर उमेदवारी पूर्ण करून पूर्ण दर्जाच्या विद्युत कामगार झाल्या. फ्रेझर यांचा लढा अधिक लांबला. १९८२ मध्ये त्यांना नोकरी परत मिळाली.

सिएटलमधील प्रकरण मिटण्याआधीच अमेरिकी केंद्र शासनाने याविषयी धोरण ठरविले. १९७८ मध्ये शासकीय निधीतून होणाऱ्या बांधकामांत स्त्रियांच्या कामाच्या तासांचे प्रमाण तीन वर्षांत ६.९ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. इतके माफक उद्दिष्टही वीजतंत्र्यांच्या बाबतीत गाठले गेलेले नाही. अमेरिकेतील वीजतंत्र्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण एकविसाव्या शतकातही शेकडा दोन-तीनच्या आसपासच रेंगाळत राहिले आहे.

भारत

भारतातील पहिल्या स्त्री विद्युत अभियंता अय्यलसोमयाजुल ललिता (१९१९–१९७९) या होत. मद्रास येथे जन्मलेल्या ललिता यांचा विवाह पंधराव्या वर्षी झाला व मुलगी अवघ्या चार महिन्यांची असताना त्यांच्या पतीचे निधन झाले. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. प्राचार्य के. सी. चाको यांच्या संमतीने ललितांना १९४० मध्ये तेथे प्रवेश मिळाला. शेकडो विद्यार्थ्यांत एकटी मुलगी नको म्हणून महाविद्यालयाने आणखी मुलींना प्रवेशाचे आवाहन केले आणि पी. के. त्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत आल्या. १९४३ मध्ये ललिता पदवीधर झाल्या. पदवी प्रमाणपत्रावर 'तो' असे पुल्लिंगी सर्वनाम छापलेले होते. ते खोडून हाताने स्त्रीलिंगी सर्वनाम लिहावे लागले.

जमालपूरच्या रेल्वे कर्मशाळेत उमेदवारी केल्यानंतर ललिता यांनी सिमला येथील केंद्रीय मानक संस्थेत काही काळ काम केले. १९४८ मध्ये त्या कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत दाखल झाल्या. तेथे पारेषण वाहिन्या, उपकेंद्रांची मांडणी व संरक्षक यंत्रणा यांची आरेखने त्या करीत. भाक्रा-नांगल प्रकल्पासाठीही त्यांनी काम केले. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या स्त्री अभियंत्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित होत्या. त्यांच्या कामाचे स्वरूप मुख्यतः आरेखनाचे होते. वर उल्लेखिलेली टेबल आणि पाना यांमधील रेषा भारतातही होतीच.

कायद्यातील तरतुदी

भारताने रात्रपाळीबंदीचे करार क्रमांक ४ व ४१ आणि १९४८ चा करार क्रमांक ८९ या तिन्हींना मान्यता दिली होती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच कारखान्यात काम देता येत असे. राज्य शासनास या वेळेत फेरफार करण्याची मुभा होती, पण रात्री दहा ते पहाटे पाच ही बंदी उठविता येत नव्हती. याच अधिनियमाने वीज निर्माण करणे, तिचे रूपांतर करणे व पारेषण करणे यांचा समावेश उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत केलेला असल्याने वीजनिर्मिती केंद्रांतील पाळ्यांची दारे स्त्रियांना बंद झाली. कलम २२ नुसार चालू यंत्राच्या मूळ चालक भागांची सफाई, वंगण किंवा जुळवाजुळव स्त्रियांनी करण्यासही मनाई होती. तेथे स्त्रियांना अल्पवयीन कामगारांच्या रांगेत बसविलेले आढळते.

मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये वसंता आर. विरुद्ध भारत सरकार या खटल्यात रात्रपाळीबंदीची तरतूद घटनाबाह्य ठरविली. त्याचबरोबर वाहतूक, प्रसाधनगृहे, विश्रांतीची जागा व छळापासून संरक्षण यांची जबाबदारी मालकावर टाकली. बंदीऐवजी सोय, हा या निकालाचा गाभा होय. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने सर्व प्रकारच्या आस्थापनांत व सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना नेमता येईल असे स्पष्ट केले असून रात्रीच्या कामासाठी त्यांची संमती आवश्यक ठरविली आहे.

प्रशिक्षण, परवाना आणि भरती

भारतात इमारतीतील वीजजोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत व सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे लागते. हे परवाने राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते. नियमांत स्त्रियांना कोठेही मज्जाव नाही. आयटीआयमधील वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात स्त्रियांसाठी जागा राखीव असतात. अडचण येते ती त्यानंतर. हा व्यवसाय पुस्तकापेक्षा उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो. अनोळखी घरांत, अर्धवट बांधलेल्या इमारतींत, वेळीअवेळी जाणाऱ्या ठेकेदाराबरोबर मुलीला उमेदवारीस पाठविण्यास कुटुंबे कचरतात व ठेकेदारही जबाबदारी नको म्हणून टाळतात. त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेल्या अनेक जणी कारखान्यातील जुळणीकामाकडे किंवा चाचणी विभागाकडे वळतात.

वीज कंपन्यांच्या भरतीत खांबावर चढण्याची चाचणी हा निर्णायक टप्पा ठरला. तेलंगणातील दक्षिण विभागाच्या वीज वितरण कंपनीने २०१९ मध्ये कनिष्ठ लाइनमन पदांसाठी काढलेल्या जाहिरातीत स्त्रियांना अपात्र ठरविले होते. काही उमेदवार उच्च न्यायालयात गेल्या व न्यायालयाच्या आदेशाने त्यांनी लेखी परीक्षा दिली. लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरही खांब चढण्याची चाचणी घेण्यास टाळाटाळ झाली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाला ती घेण्याचा आदेश द्यावा लागला. दोघी जणी चाचणीत उत्तीर्ण झाल्या. प्रत्यक्ष नेमणुकीसाठी मात्र त्यांना त्यानंतरही बरीच वाट पाहावी लागली. स्त्रियांना हे काम जमणार नाही, हे कंपनीचे म्हणणे होते. ते खरे की खोटे हे ठरविणारी चाचणीच घ्यायची नाही, हा त्यातील अंतर्विरोध न्यायालयीन आदेशामुळे उघड झाला.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात वाट तुलनेने सोपी झाली ती आरक्षणामुळे. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणानंतर शासकीय व निमशासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण लागू झाले. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. तिच्या 'विद्युत सहायक' व 'उपकेंद्र सहायक' या पदांच्या भरतीतही हे आरक्षण आहे. विद्युत सहायकास प्रारंभी ठरावीक मानधनावर काम करावे लागते व हा कालावधी समाधानकारक पूर्ण झाल्यास तंत्रज्ञ म्हणून नेमणूक मिळते. त्यामुळे आयटीआय उत्तीर्ण झालेल्या ग्रामीण भागातील अनेक मुली वीज वितरणाच्या कामात आल्या.

या पदावरील कर्मचाऱ्याच्या कामात वीजबिलांची वसुली, मीटर बदलणे, रोहित्राचे (ग्रामीण बोलीत 'डीपी'चे) फ्यूज टाकणे, तुटलेल्या तारा जोडणे, वाहिनीवर आलेल्या फांद्या तोडणे यांचा समावेश होतो. काही कार्यालयांत स्त्रियांना खांबावर न चढविता वसुली व कार्यालयीन कामास लावण्याकडे कल दिसतो. वरवर ही सवलत वाटते, परंतु अनुभव न मिळाल्याने पुढील बढतीच्या वेळी ती अंगाशी येते. याउलट खांबावरील काम नियमितपणे करणाऱ्या स्त्रियाही राज्यात आहेत. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात बीड जिल्ह्यातील एका महिला तंत्रज्ञाचे खांबावर काम करतानाचे चित्रण देशभर पाहिले गेले. ४ मार्च हा दिवस देशात 'लाइनमन दिवस' म्हणून पाळला जातो व त्या निमित्ताने होणाऱ्या गौरवांत आता महिला कर्मचारीही असतात.

सौर ऊर्जा

सौर ऊर्जेच्या क्षेत्रात जुनी उस्ताद-परंपरा नसल्याने तेथे स्त्रियांचा प्रवेश अधिक सहज झाला. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात तिलोनिया येथे १९७२ मध्ये बंकर रॉय यांनी स्थापन केलेल्या 'बेअरफूट कॉलेज' या संस्थेत निरक्षर व अल्पशिक्षित स्त्रियांना सौर दिवे व प्रभारण यंत्रणा जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे सहा महिन्यांचे शिक्षण दिले जाते. सुटे भाग रंगांवरून ओळखणे व हातांच्या खुणा यांवर ही पद्धत आधारलेली असल्याने भाषेची अडचण येत नाही. आफ्रिकेतील अनेक देशांच्या खेड्यांतील स्त्रिया येथे शिकून गेल्या आहेत. संस्था मध्यमवयीन स्त्रियांना पसंती देते, कारण शिकलेले तरुण शहरात निघून जातात आणि आज्या गावातच राहतात. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पातही ग्रामीण स्त्रियांना दिव्यांची जुळणी व दुरुस्ती शिकविण्यात आली. त्यातूनच राजस्थानच्या डुंगरपूर जिल्ह्यात आदिवासी स्त्रियांची सौर पॅनेल तयार करणारी कंपनी उभी राहिली.

आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार या क्षेत्रातील मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा ३२ टक्के होता, तर तेल व वायू क्षेत्रात तो २२ टक्के होता. मात्र यातही कार्यालयीन कामांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आणि तांत्रिक कामांत कमी आहे.

सुरक्षितता आणि साधने

वाहिनीवरील कामाचे मूलभूत नियम सर्वांना सारखेच आहेत. उपकेंद्राकडून वीजपुरवठा बंद असल्याची लेखी अनुमती (व्यवहारातील शब्द 'परमिट') घेणे, वाहिनी मृत असल्याची उपकरणाने खात्री करणे, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस डिस्चार्ज रॉडने वाहिनी जमिनीशी जोडणे आणि त्यानंतरच कमरेला पट्टा बांधून वर चढणे, असा क्रम असतो. शेजारच्या घरातील इन्व्हर्टर किंवा जनित्रातून उलट दिशेने येणारी वीज हा मोठा धोका असल्याने दोन्ही बाजूंचे भूसंबंधन अनिवार्य मानले जाते. यांपैकी एकाही टप्प्याला बाहुबळाची फारशी गरज नाही, शिस्तीची आहे.

साधने मात्र सर्वांना सारखी बसत नाहीत. विद्युतरोधक रबरी हातमोजे बोटांच्या टोकाशी सैल राहिले तर नट-बोल्टची पकड सुटते व अशा वेळी मोजे काढून काम करण्याचा मोह होतो, जो प्राणघातक ठरू शकतो. सुरक्षापट्ट्याचे बंध पुरुषाच्या शरीराच्या मापाने शिवलेले असल्यास पडताना भार चुकीच्या जागी येतो. गमबूट, शिरस्त्राण व अंगरखा यांबाबतही हीच तक्रार आढळते. साडी किंवा ओढणी घेऊन फिरत्या यंत्राजवळ वा जिवंत वाहिनीजवळ काम करणे धोक्याचे असल्यामुळे तंत्रज्ञ स्त्रियांसाठी शर्ट-पँट हा गणवेश वापरला जातो. ग्रामीण उपकेंद्रांत स्वतंत्र प्रसाधनगृहाचा अभाव ही आणखी एक नेहमीची अडचण आहे. रात्रपाळीत एकट्याने उपकेंद्र सांभाळताना ती अधिकच जाणवते. गर्भवती कर्मचाऱ्यास खांबावरील कामातून तात्पुरते मोकळे करून उपकेंद्रातील किंवा मीटर चाचणीच्या कामावर घेण्याची सोय करावी लागते.